लडलम मॉडेल ३ आणि ४४-९ पॅनकेक प्रोब : अणुस्फोटानंतर जहाजाच्या आत कितपत भरवशाचा?

निकाल आधीच सांगून टाकतो. पृष्ठभागावरचं बीटा दूषण, म्हणजे बीटा कण सोडणारी किरणोत्सारी घाण, हुडकायला या किरणोत्सार-मीटरइतकं साधं आणि दणकट दुसरं साधन चटकन सापडणार नाही. पण अणुस्फोटाच्या पाण्यात किंवा धुळीत न्हालेल्या युद्धनौकेत शिरताना हातात एकटा हाच मीटर असेल, तर तपासणी सुरू होण्याआधीच बिघडली. हा दुसऱ्यांदा बाहेर काढायचा मीटर आहे. पहिला मान आयन चेंबरचा, म्हणजे माणसाला लागणारी किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या मीटरचा. का, ते पुढे येईलच, कारण या मीटरचे बहुतेक गुणदोष त्या एका मुद्द्याभोवती फिरतात.

संच असा. मॉडेल ३ म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमची पेटी, वर मूठ, तोंडावर काटा, आत दोन डी सेल. फिरवायच्या बटणावर बंद, बॅटरी तपासणी आणि चार पल्ले: ×०.१, ×१, ×१०, ×१००. शेजारी आवाजाची कळ, जलद-मंद प्रतिसादाची कळ आणि काटा शून्यावर आणायचं बटण. ४४-९ हा चपट्या गोल जीएम (गायगर-म्यूलर) नळीचा प्रोब, म्हणून नाव पॅनकेक; समोर अभ्रकाची खिडकी. खिडकीची जाडी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ मिलिग्रॅम, सक्रिय क्षेत्र सुमारे १५ चौरस सेंटिमीटर, नळीला लागणारा दाब ९०० व्होल्ट. सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांना त्याचा प्रतिसाद ताशी १ मिलिराँटजेनला (राँटजेन हे गॅमाच्या माऱ्याचं एकक) साधारण ३३०० काउंट प्रति मिनिट, म्हणजे ३३०० सीपीएम. हा आकडा पाठ करून ठेवावा. जहाजात सगळी गणितं त्याच्यावरच येऊन ठेपतात.

डिजिटल आकड्यांची सवय झालेल्यांना काटा जुनाट वाटतो. जहाजाच्या आत मात्र काटाच बरा. प्रोब पाइपावरून सरकवताना आकडे नाचतात आणि डोळा गोंधळतो, काटा कुठल्या बाजूला झुकतोय ते मात्र नजरेच्या कोपऱ्यातूनही कळतं. जलद प्रतिसादाला सुमारे ४ सेकंद लागतात, मंदला २२. शोधताना जलद, जागा सापडली की तिथे प्रोब स्थिर धरून मंद. मंदवर ठेवून प्रोब फिरवणारा माणूस लहान डाग हमखास चुकवतो, कारण काटा वर चढेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. प्रोब पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरच्या आत आणि सेकंदाला पाच सेंटिमीटरहून हळू चालला पाहिजे. दमट, तेलकट, अंधाऱ्या खोलीत मास्क लावून हे करणं म्हणजे संयमाची परीक्षा.

आता जहाजाचं वेगळेपण. प्रयोगशाळेच्या टेबलावर दूषण असतं, आजूबाजूला काही नसतं. स्फोटानंतरच्या जहाजात याच्या उलट असतं: वरच्या डेकवर, चिमणीच्या बाजूंना, दोरखंडात आणि कॅनव्हासमध्ये बसलेला किरणोत्सार गॅमाच्या रूपाने पोलादातून झिरपत खाली येतो. त्या गॅमाची तीव्रता निम्मी करायला सुमारे दोन सेंटिमीटर पोलाद लागतं आणि आतल्या बऱ्याच बल्कहेड, म्हणजे खोल्यांमधल्या पोलादी भिंती, त्याहून पातळ असतात. म्हणजे खोली स्वतः स्वच्छ असली तरी मीटर टकटकत राहणार. आत शिरणाऱ्याला उत्तर हवं असतं ते तीन वेगळ्या प्रश्नांचं: इथे उभं राहिल्याने किती मात्रा लागेल, हाताला-बुटाला काय चिकटेल आणि घासूनही काय निघणार नाही. पॅनकेक प्रोब या तिघांची बेरीज करून एकच आकडा देतो.

आकड्यांत पाहू. शांत खोलीत या प्रोबची पार्श्वभूमी, म्हणजे दूषण नसतानाही येणारे काउंट, ५० सीपीएमच्या आसपास. एक मिनिट मोजून खात्रीने ओळखता येईल इतकं जादा मोजमाप तेव्हा सुमारे ३६ सीपीएम. स्ट्रॉन्शियम-९० आणि इट्रियम-९० च्या जोडीसाठी कार्यक्षमता (सुटलेल्यांपैकी किती मोजले जातात) २० टक्के धरली, तर हे दर चौरस सेंटिमीटरला ०.२ बेकरेल होतं (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास). झकास. आता खोलीत वरून येणारा गॅमा ताशी फक्त ०.१ मिलिराँटजेन आहे असं समजा. पार्श्वभूमी ३३० सीपीएम झाली आणि ओळखता येणारी किमान पातळी ०.५ बेकरेलवर गेली. गॅमा ताशी १० मिलिराँटजेन झाला की पार्श्वभूमी ३३,००० सीपीएम आणि किमान पातळी ४.७ बेकरेल. किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीत पेटाऱ्याच्या बाहेरच्या बाजूला निघणाऱ्या बीटा-गॅमा दूषणाची आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेल आहे, म्हणजे तुमचा मीटर मर्यादेच्या वरचं दूषणही सोडून देऊ शकतो. आणि हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात प्रोब अर्धा फूट सरकवला की वरून येणारा गॅमा पाच टक्के बदलतो. ३३,००० चे पाच टक्के १६५० होतात, त्यात खरा डाग बुडून जातो.

यावर एक स्वस्त उपाय आहे आणि तो या संचाबरोबर मिळत नाही, ही माझी पहिली तक्रार. प्रोबच्या तोंडावर बसेल अशी एक सेंटिमीटर जाडीची ॲक्रिलिकची चकती करून घ्या. इट्रियम-९० चे सर्वांत जोरकस बीटा २.२८ एमईव्हीचे (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक). ते एवढ्या ॲक्रिलिकमध्ये थांबतात, गॅमा जवळजवळ जसेच्या तसे पार होतात. त्याच जागी, प्रोब तसूभरही न हलवता, एकदा चकतीसह आणि एकदा चकतीविना मोजा. वजाबाकी म्हणजे पृष्ठभागाचा बीटा. चकतीविनाचा आकडा जवळपास चकतीसहच्या आकड्याएवढाच आला, तर तुम्ही भिंतीपलीकडचं काहीतरी मोजताय. चकती धातूची घेऊ नये. बीटा धातूत अडले की क्ष-किरण जास्त निघतात, शिवाय काम करताना ती जडही पडते.

मीटरच्या तबकडीवर मिलिराँटजेनची पट्टी छापलेली असते. जहाजात ती दुर्लक्षित करायला शिकावं. ती सीझियमच्या ६६२ केईव्ही (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) गॅमाला जुळवलेली असते. कमी ऊर्जेच्या गॅमाला ही नळी कितीतरी पट जास्त प्रतिसाद देते आणि खिडकी उघडी असेल तर बीटाही त्याच पट्टीवर जमा होतात. अशा आकड्यावरून कामगाराला किती वेळ आत ठेवायचं हे ठरवणं म्हणजे तराजूवर दुधाबरोबर भांडंही तोलणं. उघड्या खिडकीने फक्त सीपीएम वाचा. मात्रेसाठी आयन चेंबर.

दुसरा मोठा दोष नळीच्या स्वभावातला आहे, कंपनीचा नव्हे. प्रत्येक स्पंदनानंतर ४४-९ सुमारे ८० मायक्रोसेकंद आंधळा असतो. मिनिटाला ६०,००० काउंट दिसले तर नुकसान आठ टक्के, चालून जातं. तीन लाख दिसले तर खरे पाच लाख असतात. आणि क्षेत्र फारच तीव्र असेल तर जीएम नळी गुदमरते आणि काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो. तो खाली आलेला काटा पाहून जो दार उघडून आत जातो, त्याला मीटरने खोटं सांगितलेलं असतं. म्हणून क्रम ठरलेला: दाराशी आयन चेंबर, सर्वांत मोठ्या पल्ल्यावर सुरू केलेला. परत फिरण्याचा आकडा आधीच ठरवून पाटीवर लिहिलेला. मग डेकपासून एक मीटर उंचीवर एक नोंद, छताजवळ एक, पायाशी एक. छताजवळचा आकडा मोठा असेल तर गॅमा वरून येतोय. पायाशी मोठा असेल तर बिल्ज (जहाजाचा तळ, जिथे पाणी साचतं) किंवा डेकचा रंग संशयित. एवढं झाल्यावर पॅनकेक बाहेर काढायचा.

पण खरं सांगायचं तर या प्रोबची जहाजातली सर्वोत्तम जागा दूषित खोलीत नसून तिथून चार बल्कहेड आत, पाण्याच्या रेषेखाली आहे. तिथे मोजणीची खोली करावी. सभोवतालच्या समुद्राचं पाणी मोठं ढाल असतं. दूषित जागेतून पुसण्या, म्हणजे पृष्ठभागावरून पुसून घेतलेले कागद, आणायच्या. ४७ मिलिमीटर व्यासाचा गाळणकागद जवळपास प्रोबच्या खिडकीएवढाच असतो, जणू मुद्दाम करून घेतल्यासारखा. १०० चौरस सेंटिमीटर जागेवर मध्यम दाबाने नागमोडी पुसायचं, कागद पाकिटात टाकायचा, पाकिटावर खोलीचा क्रमांक, फ्रेमचा (जहाजाच्या सांगाड्यातल्या फासळीचा) क्रमांक आणि वेळ लिहायची. निघणारं दूषण दहा टक्के उचललं जातं असं धरलं, तर ५० सीपीएम पार्श्वभूमीवर किमान पातळी दर चौरस सेंटिमीटरला ०.३ बेकरेल येते. ताशी १० मिलिराँटजेनच्या खोलीत थेट मोजण्यापेक्षा हे पंधरा पट बरं, आणि मोजणारा सुरक्षित जागी बसलेला. तेलकट जागेसाठी पुसणी किंचित ओली घ्यावी, पण मोजण्याआधी ती पूर्ण वाळवावी. एक मिलिमीटर पाणी ०.३५ एमईव्हीच्या खालचे सगळे बीटा गिळतं. ओली पुसणी मोजून ‘स्वच्छ’ लिहिणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

कुठून पुसण्या घ्यायच्या? उत्तर १९४६ च्या बिकिनी प्रवाळबेटावर मिळालं होतं. २५ जुलैच्या अमेरिकेच्या ‘बेकर’ अणुचाचणीत बॉम्ब पाण्याखाली २७ मीटरवर फोडला गेला आणि उडालेल्या किरणोत्सारी पाण्याने व फवाऱ्याच्या लाटेने लक्ष्य-ताफ्यातली बहुतेक जहाजं माखली. नंतर खाऱ्या सरोवरात येऊन थांबलेल्या मदतीच्या जहाजांतही दूषण शिरलं. ते आलं समुद्राच्या पाण्याच्या नळांतून, गोडं पाणी करणाऱ्या बाष्पीभवन यंत्रांत आणि तळाला चिकटलेल्या शेवाळ-शंखांत. दूषण फक्त वरून येत नाही, हा धडा तिथला. आजही यादी तीच: वायुवीजनाची तोंडं आणि डक्टचे कोपरे, बॉयलरला हवा पुरवणाऱ्या पंख्यांची घरं, डिझेल इंजिनाचे हवा-गाळणे, आगीच्या पाण्याची मुख्य वाहिनी, कंडेन्सर, बाष्पीभवन यंत्रांतली क्षारांची पापुद्री, बिल्जमधला गाळ, दारांच्या रबरी पट्ट्या, शिडीच्या पायऱ्या. वायुवीजन बंद केलं तरी इंजिनाला हवा लागतेच, म्हणून इंजिनखाना हा नेहमीचा अपराधी. आतला दाब वाढवून गाळलेल्या हवेवर चालणारा सुरक्षित भाग असेल, तर तिथले गाळणेच काही तासांत उगम होऊन बसतात. त्यांच्या शेजारच्या भिंतीला टेकून कुणाची झोपायची बाकडी असू नये.

पाइपांच्या बाबतीत मात्र पॅनकेक जवळपास निरुपयोगी आहे. तीन मिलिमीटर पोलाद सगळे बीटा अडवतं. बाहेर येतो तो गॅमा, आणि नळीत शिरलेल्या गॅमांपैकी हा प्रोब जेमतेम शेकड्यात एखादाच पकडतो. आतून क्षारांचा दूषित थर असलेली वाहिनी बाहेरून ‘स्वच्छ’ दिसणं अगदी स्वाभाविक. याच मीटरला दोन इंची सोडियम आयोडाइडचा ४४-१० प्रोब लावता येतो आणि ही मॉडेल ३ ची मोठीच जमेची बाजू. तो ताशी एका मायक्रोराँटजेनला सुमारे ९०० सीपीएम देतो, म्हणजे पॅनकेकच्या पावणेतीनशे पट. अर्थात तेवढ्याच लवकर भरूनही जातो, म्हणून शांत खोल्यांपुरताच. प्रोब बदलताना व्होल्टेज आणि अंशांकन (ज्ञात स्रोतावर केलेली जुळवणी) त्या प्रोबसाठी आहे का ते पाहा. केबल जुळली म्हणजे मोजमाप जुळलं असं नाही. शंका राहिली तर फ्लँज, म्हणजे पाइपाचा जोड, उघडून आत पुसणी घेणं हाच खरा मार्ग.

अल्फाबद्दल. जाहिरातीत अल्फा-बीटा-गॅमा तिन्ही असतात आणि ते खोटं नाही: प्लुटोनियमचा अल्फा अभ्रकातून आत शिरतो. पण त्याची हवेतली धाव चारेक सेंटिमीटर, आणि जहाजात पृष्ठभागावर मिठाची साय, तेलाचा ओशटपणा किंवा पाण्याची फिल्म नाही अशी जागा कुठे? त्यातून प्रोबला दूषण लागू नये म्हणून खिडकीवर पातळ प्लास्टिक ताणलं की उरलासुरला अल्फाही अर्धमेला होतो. बीटापासून अल्फा वेगळा करायचा तर साधा ८० जीएसएम कागद मध्ये धरा: आकडा पडला तर अल्फा. बीटाच्या गोंगाटात मात्र थोडा अल्फा असा दिसणार नाही. बिकिनीत हाच प्रश्न निर्णायक ठरला. तिथल्या गायगर मापकांना अल्फा दिसत नव्हता आणि न फुटलेलं प्लुटोनियम ताफ्यावर पसरलेलं होतं. किरणोत्सर्ग सुरक्षेचे प्रमुख कर्नल स्टॅफोर्ड वॉरन यांनी स्वतःच्याच किरणोत्साराने फिल्मवर उमटलेल्या माशाचं चित्र चाचण्यांचे प्रमुख ॲडमिरल ब्लँडी यांच्यापुढे ठेवलं आणि १० ऑगस्ट १९४६ रोजी सफाई थांबली. आज जहाजाच्या तपासणीत अल्फासाठी झिंक सल्फाइडचा वेगळा प्रोब हवा. पॅनकेकच्या भरवशावर ‘प्लुटोनियम नाही’ असं लिहिणाऱ्याने सही करण्याआधी दोनदा विचार करावा.

मीटरचा दोष नसून वापरणाऱ्याचा असलेला आणखी एक घोळ इथेच सांगतो. विखंडनाच्या, म्हणजे अणू फुटून तयार होणाऱ्या, मिश्रणाचा किरणोत्सार वेळेच्या १.२ व्या घाताने घटतो: वेळ सातपट झाली की तीव्रता दहावा हिस्सा. स्फोटानंतर ६ तासांनी खोली मोजली, धुतली, आणि १२ तासांनी पुन्हा मोजली, तर काहीही न धुता आकडा ४३ टक्क्यांवर आलेला असतो. सफाई पथक ‘निम्म्याहून जास्त काढलं’ म्हणतं आणि पाठ थोपटून घेतं. म्हणून प्रत्येक नोंदीवर वेळ लिहा आणि तुलना करण्याआधी सगळे आकडे स्फोटानंतरच्या एकाच ठरलेल्या तासाला आणा. न धुतलेला एक चौरस फूट मुद्दाम खडूने आखून तसाच ठेवला तर गणिताचीही गरज पडत नाही. अपवाद लक्षात ठेवा: समुद्राच्या पाण्यात न्यूट्रॉनमुळे तयार झालेला सोडियम-२४ हा १५ तासांच्या अर्धायुष्याने घटतो, वरच्या १.२ व्या घाताच्या गणिताने नव्हे. पाणी भरलेल्या खोल्यांत सुरुवातीला तो वरचढ असू शकतो.

हवेच्या गाळण्यांवर हीच घट कामाला येते. हवेचा नमुना घेतलेला कागद पॅनकेकखाली लगेच मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा. आकडा निम्म्याच्या आसपास आला तर तो बहुतांशी हवेतल्या रेडॉन वायूचा नैसर्गिक वारसा. स्फोटाला दहा तास होऊन गेले असतील, तर फॉलआउट (स्फोटातून पडलेली किरणोत्सारी धूळ) अर्ध्या तासात जेमतेम पाच-सहा टक्के उतरतो.

दणकटपणाला पूर्ण गुण द्यायला हरकत नव्हती, जर अभ्रक नसतं. मीटर पायऱ्यांवरून घरंगळला तरी चालू राहतो. प्रोबची जाळी मात्र रुंद छिद्रांची आहे. गंजाचं टोक, तुटलेल्या तारेचा काटा किंवा रंगाची धारदार खपली आत गेली की खिडकी फुटते आणि नळी त्याच क्षणी मरते. काटा शून्यावर, आवाज बंद, आणि घाईतल्या माणसाला खोली स्वच्छ वाटते. म्हणून प्रत्येक खोलीच्या आधी सीझियमच्या छोट्या तपासणी-चकतीवर प्रोब टेकवा. अंशांकनाच्या दिवशीच्या आकड्यापासून २० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मीटर बाजूला ठेवा. केबल हा दुसरा कच्चा दुवा. जोडणीत खारं पाणी शिरलं की काटा आपोआप उड्या मारतो. केबल हलवून पाहा: हलवल्यावर काउंट येत असतील तर ते दूषण नाही, केबल आहे. मीटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेला तर नंतर पिशवी फेकता येते, पेटी घासत बसावी लागत नाही. ओतीव पेटीच्या कोपऱ्यांत बसलेलं दूषण काढणं वैतागाचं काम आहे. इंजिनखान्यात आवाजाच्या टकटकीचा उपयोग शून्य, तिथे दुसऱ्या माणसाने फक्त काट्याकडे पाहत राहावं.

पृष्ठभागाच्या बीटासाठी आणि पुसण्या मोजण्यासाठी पाचपैकी साडेचार. मात्रेसाठी एक, तोही दयेचा. पाइपांसाठी या प्रोबला शून्य, मीटरला चार. एका मीटरमागे ४४-९ चे निदान दोन प्रोब, दोन केबल आणि ॲक्रिलिकच्या दोन चकत्या घ्या. मीटर सहसा शेवटी बिघडतो, खिडकी पहिल्याच दिवशी फुटू शकते.